कोर्लईच्या होडीतून आलेली पाहुणी

आमच्या घरात साखळी नव्हती. यात काही वेगळं आहे, हे मला बरीच मोठी होईपर्यंत कळलं नाही, कारण मूल ज्या घरात वाढतं ते घर त्याला जगासारखंच वाटतं. रेवदंड्याच्या आमच्या आळीत जवळजवळ प्रत्येक ओटीवर झोपाळा असे, आणि दुपारची जेवणं झाली की घराघरातून लोखंडी कड्यांची करकर ऐकू येई. आमचा झोपाळा काथ्याच्या दोरांवर टांगलेला होता. दरवर्षी पाऊस सरला की आबा, माझे वडील, अंगणात बसून नवे दोर वळत, मांडीवर काथ्या घासत, आणि जुने दोर आई चुलीत घाली. दाराला साखळीऐवजी आतून लाकडी आडणा होता. गाईला दावं, विहिरीच्या कळशीला दोर, आणि कुत्रा कायम मोकळा, त्यामुळे शेजाऱ्यांच्या शिव्या ठरलेल्या. एकदा त्या शिव्यांना कंटाळून आईने अलिबागच्या बाजारातून कुत्र्यासाठी साखळी आणली. आबांनी ती हातात घेतली, खाडीवर गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. आई म्हणाली, "लढाईवरनं येताना कसलं भूत मानगुटीवर बसवून आणलंय, देवाला ठाऊक." आबा हसले. त्यांच्या समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता, त्यामुळे त्यांचं हसू नेहमी थोडं खोडकर दिसे.

लढाईबद्दल आम्हाला जे माहीत होतं ते एका वाक्यात मावत असे. लग्नाआधी आबा पलटणीत होते, आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांच्या हाती लागले, तिथून इटलीत कैदेत गेले, आणि लढाई संपल्यावर घरी आले. कुणी खोदून विचारलं की म्हणत, "गेलो, धरला गेलो, सुटलो, आलो." आणि उठून वाडीत पाणी वळवायला जात. नारळ-सुपारीची छोटी वाडी, पहाटेपासून कुरकुरणारा रहाट, आणि त्या कुरकुरीतून थबकत थबकत आळ्यांत उतरणारं पाणी, यातच त्यांचं सगळं आयुष्य होतं असं मला वाटे. बोलणं कमी. दिवसभरात माझ्या वाट्याला त्यांची चार-पाच वाक्यं येत असतील, त्यातली दोन 'बाय, जेवलीस?' अशी. घरात सगळे मला बायच म्हणत.

त्यांच्या दोन सवयी मात्र मला गमतीच्या वाटत. एक म्हणजे आठळ्या. फणसाच्या आठळ्या आम्ही सगळेच भाजून खायचो, पण आबा त्या राखेत पुरून, साल अगदी बरोबर जागी चिरून भाजत, आणि सोलून झाल्यावर खाण्याआधी नाकाशी धरून बसत. दुसरी सवय शब्दांची. आई म्हणाली, 'जरा साबण द्या,' की ते पुटपुटत, 'सपोने.' बटाट्याला पताता. चावीला कियावे. आम्हाला वाटे आबा आम्हाला हसवायला बोबडं बोलतात, आणि आम्ही हसायचो.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हाची ही गोष्ट. थंडीचे दिवस होते, वालाच्या शेंगा भरल्या होत्या आणि त्या दिवशी आमच्याकडे पोपटी लावायची होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, रताळी, पुन्हा पाला, आणि मग मडकं उपडं करून त्याच्याभोवती जाळ. शेंगा नेहमीप्रमाणे रोझमावशी आणणार होती. खाडीपलीकडच्या कोर्लईची ही आईची जुनी मैत्रीण. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांची आपसातली बोली वेगळी आहे, जुन्या पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेली. पण बाजारात रोझमावशी आमच्यासारखंच बोले, आणि आमच्यापेक्षा मोठ्याने. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. होडीने यायचं आणि धक्क्यापासून पायी.

त्या दिवशी ती आली ती शेंगांची पाटी डोक्यावर आणि मागे एक गोरी बाई घेऊन. पांढरा झगा, डोक्याला पांढरं फडकं, पायात पुरुषी चपला, वय तिशीच्या आसपासचं. धक्क्यापासून आळीतली सगळी पोरं तिच्यामागे लागलेली. रोझमावशीने फाटकातूनच हाक दिली, "अगो, ही सिस्टर मुंबईच्या दवाखान्यातली. आमच्या चर्चात आली काल. हिला दोंदो पायजे. रेवदंड्याचा सोल्जर दोंदो. मी म्हटलं, असा कोण न्हाय. मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. धोंडू गो! तुझा नवरा!"

आबा वाडीच्या टोकाला मडक्यासाठी लाकडं रचत होते. आवाज ऐकून ते वळले. ती बाई तिथेच उभी राहिली. दोघांच्या मध्ये सुपारीच्या दोन रांगा होत्या आणि त्यांतून येणारं ऊन. मग ती काहीतरी बोलली, एकच वाक्य, आणि आबांच्या हातातलं लाकूड खाली पडलं. आणि माझे आबा, दिवसाला चार वाक्यं बोलणारे माझे आबा, परक्या भाषेत बोलू लागले. दोन-चार शब्द नव्हेत. ओढ्याला पाणी यावं तसं. हात हलत होते, भुवया हलत होत्या, आवाज चढत-उतरत होता, मधेच ते मोठ्याने हसले, तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या आत एक अख्खा माणूस इतकी वर्षं गप्प बसून होता आणि तो आमच्यासमोर उठून उभा राहिला, असं मला वाटलं. आईने माझा दंड घट्ट धरला. "बाय," ती हळूच म्हणाली, "हे कोण गं?" तिने विचारलं ते त्या बाईबद्दल नव्हतं.

तिचं नाव आसुंता. इटलीतल्या डोंगरावरच्या एका शेतकऱ्याची मुलगी. ओटीवर बसल्यावर आबा आम्हाला तिचं बोलणं सांगू लागले. इटलीने लढाईतून अंग काढून घेतलं, कॅम्पाचे पहारेकरी पळाले, कैदी दाही दिशांना फुटले, आबा डोंगरात शिरले. हिच्या बापाने, प्येत्रोने, त्यांना ठेवून घेतलं. घरापासून वर चढणीवर एक दगडी खोपी होती, आठळ्यांसारखी त्यांच्याकडे एक प्रकारची फळं असतात, चेस्टनट, ती धुरावर वाळवायला. तिथे आबा राहिले. ही तेव्हा लहान पोर, रोज त्यांना मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा फडक्यात बांधून नेऊन द्यायची. त्यांच्याकडून नदी, समुद्र, किल्ला अशी चित्रं वाळलेल्या मातीवर काढून घ्यायची. रेवदंडा हे नाव तिने तेव्हाच पाठ केलं.

"मंग?" आईने विचारलं.

आबांनी तुटक्या दातावरून जीभ फिरवली. "मंग काय. जर्मन आले. मी सापडलो."

"असं न्हाय बोलली ती," रोझमावशी म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. शेंगा निवडता निवडता ती मान वर न करता म्हणाली, "मला अर्धं अर्धं कळतं तिचं. आमच्या बोलीच्या बहिणीसारखं हाय. सापडला न्हाय बोलली. आपल्या पायानं आला बोलली."

आबा उठू लागले. सिस्टर आसुंताने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं, एखाद्या आजाऱ्याला बसवावं तसं. मग ती आईकडे वळली आणि दवाखान्यात शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये नहीं बोलेगा. मैं बोलेगी."

तिने जे सांगितलं ते मी आयुष्यभर पुन्हा पुन्हा मनात लावून पाहिलं आहे. इतक्या वर्षांत त्यात माझ्याही शब्दांची भर पडली असेल, पण घडलं ते हेच.

थंडी होती, बर्फ पडलेलं होतं. सकाळी मोटारसायकली आल्या. जर्मन लष्कराचे पोलीस. त्यांच्या गळ्यात जाड साखळी आणि साखळीला छातीवर लोंबणारा चंद्रकोरीसारखा धातूचा पत्रा. रस्ते, पूल, खेडी त्यांच्या ताब्यात. पळालेले कैदी शोधणं आणि त्यांना लपवणाऱ्यांना शिक्षा करणं हे त्यांचं काम. कैदी ज्या घरात सापडेल ते घर जाळायचं आणि माणसांना भिंतीशी उभं करायचं, अशी दवंडीच होती. (परवा मी हे नातवाला सांगितलं तेव्हा त्याने मोबाईलवर शोधून मला तो पत्रा दाखवला. त्यावरची अक्षरं अंधारात चमकत, आणि त्यांच्याच सैन्यातले शिपाई पाठीमागे त्यांना साखळीवाले कुत्रे म्हणत, इतकी त्यांची दहशत. मी तो फोटो बोटांनी मोठा करून कितीतरी वेळ पाहिला. साधीशी साखळी.)

त्यांचा म्होरक्या तरुण होता, चष्मेवाला, स्वच्छ दाढी केलेला. त्याने प्येत्रो, त्याची बायको, म्हातारी आई आणि आसुंता यांना गोठ्याच्या भिंतीशी उभं केलं. कुणीतरी चुगली केली होती हे उघड होतं. प्येत्रो म्हणाला, इथे कुणी नाही. मग चष्मेवाला आसुंतापुढे वाकला. वाकताना साखळी त्याच्या कोटाच्या बटणांवर वाजली. गोड आवाजात त्याने विचारलं, काळा मामा कुठे राहतो? ती म्हणाली, आमच्याकडे काळी एकच आहे, ती शेळी. तो हसला. त्याने तिचा गाल थोपटला आणि माणसांना पेट्रोलचा डबा आणायला सांगितलं.

हे सगळं वरच्या खोपीतून आबांना दिसत होतं. खोपीच्या मागे जंगल होतं, जंगलामागे खिंड, खिंडीपलीकडे सुटका. तिकडे गेले असते तर त्यांना कुणी पाहिलंही नसतं. पण खालचं घर जळलं असतं.

त्यांनी काय केलं ते नंतर प्येत्रोला खोपीत गेल्यावर कळलं. अंगावरचा प्येत्रोचा कोट, म्हातारीने विणलेले मोजे, गावच्या चांभाराने केलेले जोडे, सगळं त्यांनी काढलं आणि राखेखाली पुरलं. त्या घराची एकही वस्तू अंगावर राहता कामा नये. मग फाटका लष्करी शर्ट घातला, एका पोत्यात चेस्टनट भरले, पोतं पाठीवर टाकलं आणि अनवाणी बर्फात उतरले. सरळ खाली नाही. आधी दगडांच्या बांधावरून, पाऊल उमटणार नाही असे, थेट जंगलापर्यंत, आणि मग जंगलातून वळसा घालून शेळ्यांच्या कोंडीपाशी, म्हणजे पावलं रानातून आलेली दिसतील. कोंडीपाशी त्यांनी मुद्दाम शेळ्या बुजवल्या. पोलीस धावले आणि चोर पकडला.

चष्मेवाल्याने त्यांना अंगणात आणलं. प्येत्रोला काही उमगेना. दोंदोला पाहून त्याचं तोंड उघडलं, आणि तो काहीतरी भलतंच बोलून जाणार तेवढ्यात आबा त्याच्या तोंडावर थुंकले. इटलीच्या भाषेतली एक घाणेरडी शिवी त्यांनी त्याला हासडली. ती शिवी प्येत्रोनेच त्यांना चुलीशी बसून, हसत हसत शिकवली होती. प्येत्रोला तेव्हा कळलं. त्याने मूठ वळली आणि आबांच्या तोंडावर हाणली. "चोर! माझ्या पोरीच्या तोंडचा घास चोरतोस!" आबा बर्फात पडले, तोंडातून रक्त आलं.

चष्मेवाला शांतपणे पाहत होता. मग तो म्हणाला, "आणखी एकदा."

त्याला खात्री करून घ्यायची होती. पहिला ठोसा कुणीही नाटकात मारील. दुसरा मारायचा तर समोरचं रक्त पाहून मारावा लागतो. आबा उठून उभे राहिले. सिस्टर म्हणाली, माझे वडील सांगत, दोंदोने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि पापणीसुद्धा हलवली नाही, नुसता उभा राहिला. प्येत्रोने दुसरा ठोसा पहिल्याहून जोरात मारला. दात तुटला तो तेव्हा.

चष्मेवाल्याने प्येत्रोला सिगारेट दिली. म्हातारीला सलाम केला. एक शेळी घेतली, पोतं घेतलं, आबांचे हात बांधून दोरी मोटारसायकलीला लावली आणि ते गेले. घर उभं राहिलं. माणसं उभी राहिली. आबांना जर्मनीच्या कैदेत नेलं, आणि तिथे बर्फाने काळी पडलेली त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

एवढं सांगून ती थांबली. रोझमावशीच्या हातात शेंग तशीच होती. आम्ही सगळेच आबांच्या पायाकडे पाहत होतो. ती बोटं नाहीत हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं, आणि कशी गेली हे विचारायचं आमच्या कुणाच्याही मनात आलं नव्हतं. सतरा वर्षं मी त्या माणसाच्या हातचं पाणी प्याले होते, त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला गेले होते. गावात देवाला जायचं तर डोंगर चढून जातात. माझ्यासमोर ओटीवर, मळक्या पंच्यात, कानामागे विडी लावून जो बसला होता त्याच्याकडे मान वर करून पाहावं असं मला वाटलं.

सिस्टर पुन्हा आबांकडे वळली आणि आपल्या भाषेत बोलू लागली. या वेळी रोझमावशी हळू आवाजात आम्हाला सांगत गेली. "तिचा बाप वारला. मरताना बोलला, त्याला शोध. त्याला सांग, मला माफ कर. तो हात मी पुन्हा कुणावर उचलला न्हाय."

आबांनी मान हलवली आणि उत्तर दिलं. रोझमावशी म्हणाली, "हे बोलतात, चांगला मारला. हळू मारला असता तर सगळे मेलो असतो. मी त्याला मनात बोलत व्हतो, मार, नीट मार."

मग सिस्टरचा आवाज एकदम लहान झाला. ती आता नर्स नव्हती, परदेशी बाई नव्हती. भिंतीशी उभी असलेली पोर होती. तिने विचारलेला प्रश्न रोझमावशीला सांगता येईना, ती पुन्हा शेंगा निवडू लागली. शेवटी आबांनीच आम्हाला सांगितला. "बोलते, मला त्यांनी विचारलं, ह्या चोराला ओळखतेस काय. मी न्हाय म्हटलं. मी रडले न्हाय, दोंदो. तू पाहिलंस ना?"

"मंग?" आई म्हणाली. "बोला की तिला!"

आबांनी तिच्या डोक्यावरच्या फडक्यावर हात ठेवला. "व्हिस्तो," ते म्हणाले. पाहिलं. एवढंच. आणि तेवढ्यावर ती रडली. लहानपणी त्या अंगणात जे रडायचं राहिलं होतं ते सगळं ती आमच्या ओटीवर रडली.

आबांनी पोपटीला जाळ लावला, आणि मडकं भाजून निघालं तशी आई उठली. आमच्या घरी तेव्हा परक्या माणसाला ओटीवरच पान वाढायची रीत होती. रोझमावशीसुद्धा इतक्या वर्षांत माजघराच्या आत आली नव्हती. आईने दोघींना हाताला धरून थेट चुलीपाशी नेलं आणि पाट मांडले. पोपटीचं मडकं फोडलं, घरभर ओव्याच्या वासासारखा पाल्याचा वास पसरला. सिस्टरच्या पानात तिने तांदळाची भाकरी, सुकट, शेंगा असं वाढत नेलं, तिला काय चालतं याचा विचार न करता, आणि प्रत्येक वाढणीला मराठीतच बजावत राहिली, "खा. तुझ्या आईनं माझ्या माणसाला खायला घातलंय. खा." त्या वेळी ती आबांकडे पाहत नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईने नवऱ्याकडे एकदम नव्याने कसं पाहायचं, हे तिला समजत नसावं. पण त्या दिवसापासून तिने भुताचं नाव काढलं नाही.

ऊन उतरायच्या आत आबा आणि मी दोघींना धक्क्यावर सोडायला गेलो. होडी निघाली. कोर्लईचा डोंगर समोर तांबूस दिसत होता आणि पांढरं फडकं त्याच्या दिशेने लहान होत गेलं. आबा पाण्याच्या कडेला उभे होते. ती काही ओरडली, आबांनी ओरडून उत्तर दिलं, धक्क्यावरचे कोळी जाळी सोडून बघत राहिले. सिस्टर पुढे दोनदा आमच्याकडे आली, नंतर तिला आपल्या देशात परत बोलावलं, आणि आबा गेले तेव्हा कळवायला आमच्याकडे तिचा पत्ताही नव्हता.

परतताना आम्ही किल्ल्याच्या तटाकडेने चालत होतो. मला खूप काही विचारायचं होतं, पण अशा माणसाशी कसं बोलायचं ते सुचेना. शेवटी सगळ्यात पोरकट प्रश्न तोंडातून गेला.

"आबा, तुम्हाला भीती न्हाय वाटली?"

ते थांबले. विडी पेटवली. ते आता नेहमीसारखं 'चल, काळोख पडेल' म्हणतील असं मला वाटलं.

"वाटली की," ते म्हणाले. "लय वाटली. घराची वस्तू अंगावर नको, असं ती बोलते ना, ते कोटाचं आणि मोज्यांचं खरं. ते मी तिच्या बापासाठी काढलं. जोडे माझ्यासाठी काढले."

"म्हणजे?"

"जोडे पायात असते, बाय, तर मी पळून गेलो असतो."

एवढं बोलून ते चालू लागले, आणि मी त्यांच्या मागोमाग.